मंदाबाईचे तीन तास

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार. करडी गाव. आभाळ स्वच्छ. मंदाबाईच्या भाचीच्या हळदीचा स्वयंपाक. सकाळी ७.५०ला तिच्या हातून लांबपोळी चुलीत पडली. छातीत कळ, डावा हात भरून आलेला. ८.०५ला गाडीने भंडाऱ्याला निघालो.

मंदाबाई माझी शेजारीण, एकोणसाठ वर्षांची; मला मावशी म्हणते. सैल कणीक परातीत आपटून, दोन्ही हातांवर झेलत ती ओढणीएवढी पोळी करते आणि पालथ्या माठावर टाकते. पंचवीस वर्षांत तिच्या हातून पोळी पडल्याचं मी पाहिलं नव्हतं. म्हणूनच घाबरले.

दवाखान्यात ईसीजी ठीक निघाला. डॉक्टर तृप्ती म्हणाल्या, "हृदयाला इजा झाली की रक्तात ट्रोपोनिन वाढतं, पण त्याला काही तास लागतात. दुखणं कालचं असेल तर एकच तपासणी पुरेल. आजचं असेल तर तीन तासांनी पुन्हा रक्त घ्यावं लागेल."

"मंग कालचंच समजा!" मंदाबाई ताडकन म्हणाली. "तिकडं दोनशे पोळ्या बाकी हायेत."

मी पर्समधून डायरी काढून सकाळी टिपलेली वेळ वाचून दाखवली: ७.५०.

"मावशे, तू शेजारीण हायेस का पोलीस?"

साडेनऊला घेतलेल्या पहिल्या रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला. मंदाबाई लगेच चपला शोधू लागली. त्या मी आधीच माझ्या पिशवीत टाकल्या होत्या.

मग तिने नर्स रिताला चादरीवर लांबपोळी शिकवायला घेतली. "कोपर उचल, पोरी! कायले भेते? चादर हाय, फाटत नाही." चादर सलाईनच्या स्टँडला अडकली. समोरच्या खाटेवरचे मधुकरराव म्हणाले, "मले दोन वाढजो, बाई." हसून हसून माझा चष्मा ओला झाला.

हसता हसता तिने एकदम माझा हात धरला. "मावशे, हृदयाचंच निघालं तं?"

मी तो सोडला नाही.

साडेबाराला दुसरं रक्त घेतलं. दीड वाजता डॉक्टर तृप्ती कागद हलवतच आल्या. "ट्रोपोनिन दोन्ही वेळा नॉर्मल. हा झटका नाही. स्नायूंच्या दुसऱ्या एका तपासणीचा आकडा वाढला आहे, तो हातांच्या मेहनतीने; कळही त्यामुळेच. आठवड्याने पुन्हा दाखवा. तोवर पोळ्या बंद!"

"आठ दिस? मी करू तं काय करू?" म्हणत मंदाबाईने हसतच माझे दोन्ही हात धरले. व्हरांड्यात आमची फुगडी सुरूच होणार, तेवढ्यात रिताने दोघींना बाकावर बसवलं.

हळदीच्या पोळ्या बाकीच्या बायकांनी केल्या; मंदाबाई संध्याकाळी माझ्याकडेच जेवली. भात मी लावला. पाणी जास्त पडलं, गिच्च झाला.