डाव्या दारातली पुट्टी

काल डीलरकडून आणलेल्या जुन्या गाडीच्या पत्र्यावर मी लोहचुंबक फिरवत होतो आणि आष्टीचं आमचं अंगण आठवलं.

वडिलांनी, म्हणजे आमच्या दादांनी, जुनी जीप घेतली होती. घरी आणल्यावर मोडक्या रेडिओतलं लोहचुंबक ते तिच्यावर असंच फिरवत होते. डाव्या दाराशी ते टपकन खाली पडलं. गंजलेल्या पत्र्यात नुसती पुट्टी भरलेली होती, तिला लोहचुंबक कुठून चिकटणार.

“फसलो आपून,” दादा खाली बसत म्हणाले.

आई उठली आणि त्याच दाराने आत जाऊन बसली. “हितं मीच बसत जाईन. दार लई हळू लावीन.”

जीप होती तोवर तिने ते दार दोन्ही हातांनी लावलं.

काल लोहचुंबक सगळीकडे चिकटलं. डाव्या दारावर मात्र मी ते तीनदा फिरवलं. एकदाही पडलं नाही.