बाटलीताई आणि खालच्या वस्तीचा नळ

पाणी तपासणाऱ्या त्या सरकारी कचेरीत नळाचं पाणी कोणी पीत नसे. मोठ्या साहेबांपासून शिपायापर्यंत प्रत्येकाच्या टेबलावर घरून उकळून आणलेलं पाणी. गावाला ‘पाणी शुद्ध आहे, बिनधास्त प्या’ म्हणून सांगणारी माणसंच ही! नवा आलेला आधी हसायचा आणि आठवड्याभरात मुकाट्यानं बाटली आणू लागायचा.

बाटलीताईंना नाव पडलं ते मात्र नमुन्याच्या बाटल्यांवरून. गावभर फिरायचं, नळाचं तोंड स्पिरिटच्या पेटत्या बोळ्यानं शेकायचं आणि मगच बाटली भरायची, हे त्यांचं काम. त्यांचा नवरा चारचौघांत सांगायचा, “आमची ही दिवसभर बाटली सोडत नाही हो!” ऐकणारे दचकायचे, ताई डोळे वटारायच्या. पाठ धरल्यापासून बिचारा घरीच होता. घर ताईंच्या पगारावर चालायचं, पण विनोदाला कधी खाडा नाही.

मग नवे मोठे साहेब आले. म्हणाले, “खालच्या वस्तीपर्यंत कशाला तंगडतोड करता? अंगणातल्या नळावरच भरा सगळ्या बाटल्या. पाणी एकच ना!”

पाणी एकच कसलं डोंबलाचं! अंगणातला नळ टाकीला लागून, आणि खालच्या वस्तीचा पाइप गटाराला खेटून. ताईंनी सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, “सांगितलं तेवढं करा.” ताईंनी केलं. अहवाल आला तेव्हा अख्ख्या गावाचं पाणी जुळ्या भावंडांसारखं. अहो, खोटं बोलायलाही थोडी अक्कल लागते!

एक दिवस ताईंचे कपडे शिवणारी खालच्या वस्तीतली बाई दारात येऊन रडायला लागली. तिची मुलगी जुलाबांनी दवाखान्यात होती. “तुमच्या कचेरीनं पाणी चांगलं आहे म्हणून सांगितलं ना ताई, म्हणून उकळायचं बंद केलं मी,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात रागाचा लवलेश नव्हता.

पेपरवाल्यांना सगळं सांगून टाकायचं, असं ताईंनी ठरवलं. आणि नोकरी गेली तर? विचारायचं कोणाला? नात्यात वकील होती ती धाकटी नणंद, आणि दोघींचं सख्य विळ्याभोपळ्याचं. ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ असं पुटपुटत ताईंनी तिची बेल वाजवली.

“ऐकलं हं मी,” दार उघडत नणंद म्हणाली. “ये, गाढवानं चहा टाकलाय.”

सगळं ऐकल्यावर मात्र तिचं हसू मावळलं. “पेपरात गेलीस तर त्यांची बातमी होईल आणि तू लटकशील. कायदा पाठीशी उभा राहतो, पण त्याच्या वाटेनं गेलीस तर. दक्षता अधिकाऱ्याकडे जा. स्वतःच्या नावानं, निनावी नको. नाव गुप्त ठेवणं ही त्यांची जबाबदारी. डोळ्यांनी पाहिलंस तेवढंच सांग, ऐकीव काही घुसडू नकोस. आणि बाहेर अवाक्षर काढायचं नाही.”

“आणि बाटल्या मीच भरल्या, ते?”

“तेही सांगायचं. पहिलं तेच सांग.”

“त्यांनी मला काढलं तर?”

“तक्रारीपायी काढता येत नाही, बदलीही करता येत नाही. केलीच, तर कारण दुसरं होतं हे त्यांनी सिद्ध करायचं, तू नव्हे. घाबरलीस ना वहिनी? घाबर. पण जा.”

ताई गेल्या. नाव फुटलं नाही, पण नमुने घेणारी बाई एकटीच. साहेबांनी ओळखायचं ते ओळखलं. जुन्या पाइपांच्या गोदामात बदली झाली. ताई घरी येऊन ढसाढसा रडल्या. जिच्या जिभेला हाड नाही असं त्या जन्मभर म्हणत आल्या, ती नणंद त्यांच्या पाठीवर हात फिरवत गप्प बसून राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं दक्षता अधिकाऱ्याकडे अर्ज ठोकला. बदलीचं कारण विचारल्यावर साहेब म्हणाले, “बाईंचं वय झालं.” अधिकाऱ्यानं शांतपणे साहेबांचं वय विचारलं. बदली रद्द झाली.

पण नमुने कुठल्या नळाचे, हे अजून सिद्ध व्हायचंच होतं. चौकशीत नमुन्यांची गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरकाकांना बोलावलं. काका म्हणजे कोणाच्या अध्यात ना मध्यात. ताईंना काडीचीही आशा नव्हती.

“गाडी खालच्या वस्तीत जायची?”

काकांनी साहेबांकडे पाहिलं, मग स्वतःच्या चपलांकडे. “नाही जी. अंगणातच उभी असायची. मी आत झोपायचो.”

एवढंच बोलले, आणि तेवढं पुरलं. साहेबांची खुर्ची गेली, पाइप बदलला. ताईंनी काकांचे आभार मानायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, “राहू द्या. झोपल्याचा मेमो मिळालाय मला.”

पुढे ताई पुन्हा खालच्या वस्तीत जाऊ लागल्या. एका दुपारी शिवणवाल्या बाईच्या नळाचा नमुना घेऊन झाला, तशी तिची मुलगी पाण्याचे दोन ग्लास घेऊन बाहेर आली. आता चांगली धावतपळत होती.

“तुमच्यातल्याच कोणीतरी तोंड उघडलं म्हणे,” बाई म्हणाली. “कोण असेल तो असो, त्याचं भलं होवो.”

“होवो गं,” ताई म्हणाल्या. त्यांना नणंद आठवली, समोर काका उभे होते, आणि या दोघांचे उपकार आपल्याच्यानं फिटायचे नाहीत, असं वाटून गेलं. ग्लास हातात घेताना जुनी खोड तोंडातून निघालीच, “उकळलंयस ना?”

“कशाला?” बाई म्हणाली. “तुमच्या कचेरीनं सांगितलंय ना, पाणी चांगलं आहे.”

काकांनी आपली घरची बाटली गाडीत ठेवली आणि दुसरा ग्लास उचलला. ताई एका दमात सगळं पाणी प्यायल्या.