चौदावा प्रश्न

कोर्टाच्या कामात बावीस वर्षं काढलेल्या बाईला भुताखेताची गोष्ट सांगून बघा... ती आधी विचारेल, तुम्ही स्वतः पाहिलंत का? नाही ना? मग ती ऐकीव गोष्ट झाली, बसा खाली. मी अशीच आहे. सासूबाई अमावास्येला दारात लिंबू ठेवायच्या आणि मी दुसऱ्या दिवशी त्याचं सरबत करायला निघायचे. त्यावरून बोलणीही भरपूर खाल्ली आहेत. या सदरातले अनुभव वाचून मी आजवर हसतच आलेय, खोटं कशाला सांगू. आज स्वतःच लिहायला बसलेय, तेव्हा तुम्ही मला हसलात तरी माझी तक्रार नाही.

मी डहाणूत एका फौजदारी वकिलांकडे असिस्टंट आहे. माझं माहेर साताऱ्याकडचं, मिस्टर रेल्वेत, त्यांच्यामुळे इकडे आले. ऑफिस स्टेशनच्या पश्चिमेला, पहिल्या मजल्यावर, खाली झेरॉक्सचं दुकान. वकिलांना मी सर म्हणते आणि या लेखात तेवढंच पुरे.

केस उभी राहायच्या आधीचं सगळं काम माझं. चार्जशीटच्या प्रत्येक पानाला नंबर घालायचा, कोणत्या साक्षीदाराचा पोलीस जबाब कोणत्या पानावर आहे त्याची यादी करायची, पंचनाम्यात एक आणि जबाबात दुसरं असेल तर तिथे पिवळी चिठ्ठी चिकटवायची. सर कोर्टात हात मागे करतात आणि मी त्या हातात बरोबर तोच कागद ठेवते. नव्या कायद्यानं कलमांचे आकडे बदलले तेव्हा भलेभले गोंधळले, पण माझी यादी चुकली नाही. याचा मला गर्व आहे... होता म्हणा.

आमच्याकडे एक रिवाज आहे. तारखेच्या आदल्या दिवशी सर उलटतपासणीची तालीम करतात. टेबलासमोर एक खुर्ची ठेवायची आणि तिच्यात मी बसायचं, समोरच्या बाजूचा साक्षीदार म्हणून. सर उभे राहून प्रश्न विचारतात, मी उत्तरं देते. नियम एकच, पण कडक. साक्षीदाराच्या जबाबात जे लिहिलंय तेवढंच बोलायचं आणि उत्तर दिलं की पान नंबर सांगायचा. मनचं काही घालायचं नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला माहीत नाही तो प्रश्न कोर्टात विचारायचा नाही, हे सरांचं पहिलं तत्त्व, आणि तालीम त्यासाठीच. मी त्या खुर्चीत बसून डॉक्टर झालेय, फौजदार झालेय, एकदा झाई बंदरावरचा दारुडा खलाशीसुद्धा झालेय. सर हसून हसून खोकले होते त्या दिवशी.

आता केस सांगते. नावं बदलली आहेत.

कैनाडच्या बाजूला एका शेठची चिकूची वाडी. वाडीला तारेचं कुंपण. तलासरीकडच्या उधव्याची जेठीबाई तिथे कामाला होती, वाडीतल्याच एका खोलीत राहायची. नवरा नव्हता, एकच मुलगा, राजू, चोवीस वर्षांचा. तो गुजरात हद्दीत कंपनीत जायचा आणि शनिवारी आईला घरी न्यायला यायचा. एका शनिवारी, दिवेलागणीला, तो मागच्या बाजूनं कुंपण ओलांडून आत यायला गेला आणि तारेला चिकटून मेला. करंट लागून. पोलिसांचं म्हणणं, शेठनं चिकूची चोरी आणि रानडुकरं थांबवायला कुंपणात वीज सोडली होती. शेठ म्हणे, त्या दिवशी वारा सुटला होता, खांबावरची तार तुटून कुंपणावर पडली, माझा काय दोष? पंचनाम्याच्या वेळी तुटलेली तार कुंपणावर होतीही. पंपाच्या खोलीतून कुंपणाकडे जाणारी वायर मात्र कुणालाच सापडली नव्हती.

सदोष मनुष्यवधाचा खटला, सेशन कोर्टात. शेठ आमचे अशील. शाबीत झालं असतं तर शेठ काही वर्षं आत गेले असते. नाही झालं, तर राजू वाऱ्यानं मेला असं कायमचं कागदावर राहणार होतं. दोन टोकं होती आणि मधे एकच खरी साक्ष, जेठीबाईची.

तिचा जबाब पान बेचाळीस ते चव्वेचाळीस. मला पाठ होता. त्यात एक वाक्य होतं, ‘शेठ कुंपणात करंट सोडतात हे गावात सर्वांना ठाऊक आहे.’ कुणी पाहिलं, कसं कळलं, काही नाही. लिहून घेणाऱ्यानं विचारलंच नव्हतं. सर खूश होते. त्यांच्या यादीतला चौदावा प्रश्न यावरच होता... ‘वायर कुंपणाला जोडलेली तुम्ही स्वतः कधी पाहिली नाही, बरोबर?’ बाई नाही म्हणणार आणि साक्ष तिथेच कोसळणार.

फेब्रुवारीतली दुपार होती, चार वाजले असतील. खिडकी उघडी, खालच्या झेरॉक्स मशीनचा आवाज येत होता. मी खुर्चीत बसले, मांडीवर पॅड, कारण उत्तरंही मीच टिपून घेते. एक ते तेरा व्यवस्थित झाले. सरांनी चष्मा वर केला आणि चौदावा विचारला.

मला ‘नाही पाहिली’ म्हणायचं होतं. शब्द तयार होते. आणि माझ्या तोंडून आलं...

“पाह्यलं काय? वायरची पिन मीच लावायची. रोज दिवा लावायच्या टायमाला. शेठनं सांगलेलं, जेठी, काम झालं का पिन लावून खोलीत जा. त्या दिशी पन मीच लावली.”

आवाज माझाच होता. घोगरा नाही, बदललेला नाही. अंगात येतं म्हणतात तसं घुमणं-बिमणं काही झालं नाही. मोठ्यानं वाचताना पान उलटून पुढची ओळ वाचावी इतकं ते सहज होतं. पण तलासरीकडची ती बोली मला समजते, बोलता येत नाही. बावीस वर्षांत आली नाही. आणि वाक्य संपलं तशी मी टेबलाची कड धरली. माझा मुलगा पुण्याला शिकतो, तो धडधाकट आहे हे मला माहीत होतं, तरी मला रडू फुटलं.

सरांना आधी वाटलं मी गंमत करतेय.

“वैशालीताई, पान नंबर?”

मी फाइल उघडली. बेचाळीस पाहिलं, त्रेचाळीस, चव्वेचाळीस. मग पूरक जबाब, पंचनामा, पोस्टमार्टेम, वाडीचा नकाशा... सगळी फाइल दोनदा चाळली. सर माझ्यासमोर उभेच होते.

“कुठेच नाही सर.”

“मग तुम्हाला कुणी सांगितलं? तुम्ही भेटलात तिला?”

“वेड लागलंय का मला? सरकारी साक्षीदाराला मी कशाला भेटू!”

ते खरं होतं. तोवर मी जेठीबाईला पाहिलंही नव्हतं.

पॅडवर माझ्याच अक्षरात ते उत्तर लिहिलेलं होतं. कधी लिहिलं, आठवत नाही. प्रत्येक उत्तरापुढे पानाचा आकडा होता, चौदासमोर समास कोरा.

सरांनी तिथल्या तिथे शेठना फोन लावला, स्पीकरवर. इकडचं तिकडचं बोलून सहज विचारल्यासारखं विचारलं, “शेठ, वाडीत संध्याकाळी पंपाच्या खोलीतली पिन कोण लावायचं?”

पलीकडून शेठचा आवाज आला, एकदम बारीक झालेला. “सायेब... ए वात तमने कोणे कही?” माणूस घाबरला की घरच्या भाषेत जातो, शेठ गुजरातीत गेले. ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली, एवढंच त्यांनी विचारलं. अशी कुठली पिनच नव्हती, असं ते म्हणाले नाहीत.

सरांनी फोन ठेवला. पेन उचललं आणि चौदाव्या प्रश्नावर आडवी रेघ मारली. मी त्यांच्याकडे बघत राहिले, तेव्हा म्हणाले, “आपण खोटं बोलत नाही आहोत ताई. फक्त विचारत नाही आहोत.” सर वाईट माणूस नाहीत. आरोपीचा बचाव हे त्यांचं काम आहे, कायदाच तसं सांगतो आणि तो बरोबरच आहे. मला हे सगळं कळत होतं. मी कोरा कागद घेतला आणि चौदावा प्रश्न सोडून यादी पुन्हा सुबक अक्षरात लिहून काढली. कुणी जबरदस्ती केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कोर्टात जेठीबाईला पहिल्यांदा पाहिलं. ठेंगणी, सुकलेली बाई, हिरवं लुगडं, पायात काही नाही. सरकारी वकिलांनी जबाबाप्रमाणे विचारलं, तिनं तेवढंच सांगितलं. राजू कुंपणाला चिकटलेला कसा दिसला, बांबूनं कसा सोडवला. ‘गावात सर्वांना ठाऊक आहे’ हेही बोलली आणि तिथेच सरतपासणी संपली. मग सर उठले.

मी कागद देत गेले. तेरा प्रश्न. ती एकेका शब्दात उत्तर द्यायची, पण तिचं लक्ष सरांकडे नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं भास असेल, म्हणून मी मान खाली घालून यादीवर टिकमार्क करत बसले. तेराव्यावर टिक केली.

“नो फर्दर क्वेश्चन्स,” सर म्हणाले.

जेठीबाई उतरली नाही. कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभी. पट्टेवाला म्हणाला, “मावशी, झालं, या खाली.” ती हलेना. न्यायाधीशांनी वर पाहिलं, अजून काही सांगायचंय का म्हणून विचारलं. तिचे ओठ हलले. मग तिनं भरलेल्या कोर्टाकडे पाहिलं, आरोपीच्या जागी बसलेल्या शेठकडे पाहिलं, आणि मान हलवली. नाही म्हणून. पट्टेवाल्यानं तिला दंडाला धरून उतरवलं.

काही महिन्यांनी निकाल लागला. संशयाचा फायदा, निर्दोष. शेठनं सरांचे पाय धरले. ऑफिसला पेढे आले, मी खाल्ले नाहीत. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

निकालाच्या दिवशी मी फाइल घेऊन व्हरांड्यात आले, तर जेठीबाई पायरीवर बसली होती. मला बघून उठली. मी बाजूनं निघून जाणार होते. तिनं माझा हात धरला नाही, आरडाओरडा केला नाही, शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“बाय,” ती म्हणाली, “मी तुला सांगलं होतं ना?”

मी जागीच थांबले. “कधी... कधी सांगितलंत?”

“तू खुर्चीवं बसलेलीस तवा. तो सायेब हुबा होता, चष्मा वर करून. खिडकी उघडी होती.” ती हे बाजारात झालेल्या भेटीबद्दल बोलावं तसं बोलत होती. “मी माझे घरी व्हती, उधव्याला. डोळं मिटलं तं तूच समोर. मंग मी तुला सांगून टाकलं.”

मी फाइल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“माझ्या तोंडून आपसूक नाय निघत, बाय. मीच लावली ना पिन... कसं सांगू? कोन्या मानसानं ईचारलं असतं तं मी सांगलं असतं. येवडं लोक बसलेलं. मला वाटलं, हिला ठावं हाय, ही ईचाराया लावल.” मग थांबून म्हणाली, “का नाय ईचारलं?”

तिच्या डोळ्यात राग नव्हता. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. एक साधा प्रश्न, समोर उभी राहून विचारलेला.

नंतर मी स्वतःचीच उलटतपासणी पुष्कळ घेतली आहे. ऑफिसातून बातमी फुटली म्हणावं, तर तालमीला सर आणि मी, दोघंच. सरांनी तिला सांगितलं म्हणावं, तर त्यात त्यांचंच नुकसान. मी आधी कुठेतरी ऐकलं असेल म्हणावं, तर तिनं ते जगात कुणालाही सांगितलेलं नव्हतं. एका डॉक्टर मैत्रिणीनं ताण, अंतर्मन असं काहीबाही समजावलं. माझं अंतर्मन उधव्याची बोली कधी शिकलं, ते तिलाही सांगता आलं नाही. सरांनी तालमीची पद्धत बंद केली; का, ते मी विचारलं नाही. पॅडचं ते पान अजून माझ्या कपाटात आहे. हे कसं घडलं याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि आता मिळेल असं वाटतही नाही.

पण जेठीबाईनं जे विचारलं त्याचं उत्तर माझ्याकडे होतं. पूर्ण होतं. त्या पायरीवर मी एवढंच म्हणाले की मला उशीर होतोय, सर गाडीत थांबलेत. तिनं मान डोलावली आणि मला वाट दिली.