साल्हेरच्या खळ्यात राहिलेली चावी

सत्तरचं दशक सरून ऐंशीचं नुकतंच लागलं होतं. आमच्या नाशिकरोडच्या घरात एकच मोटरसायकल होती आणि ती दादाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची. नंबर लावून कित्येक वर्षं वाट पाहिल्यावर हाती आलेली. दादा कारखान्यात फिटर. गाडी रोज पुसायचा, रविवारी दोनदा. मला तिला हात लावायची मुभा नव्हती, चालवायचं तर सोडाच.

तरी मी मागितली. लग्नाला वर्ष होत आलं होतं, सुशीलाला कुठं म्हणून नेलं नव्हतं. शिवाय मला साल्हेरचा गड बघायचा होता. आमचे वडील मूळचे बागलाणातले. गावातून सकाळी साल्हेर दिसायचा, ढगांच्याही वर, असं ते सांगायचे. ते गेले, पण आमच्यातलं कुणी तिकडं फिरकलं नव्हतं.

"तिकडं काय ठेवलंय?" दादा म्हणाला. "आजोबा बलुतं मागायला खळ्यावर जायचे, तर राशीभोवतीच्या राखेच्या रेघेबाहेर उभं करायचे त्यांना. लांबून सुपानं घोंगडीत दाणे टाकायचे. त्या खळ्यांवर माझी गाडी न्यायची?"

"भाऊजी, आम्ही गड बघायला चाललोय, खळी नाही," सुशीला म्हणाली. दादाला माझं कधी पटत नाही, तिचं लगेच पटतं. त्यानं चावी काढली आणि माझ्या हातावर ठेवताना म्हणाला, "पडली तर चालेल. चोरीला गेली तर घरी येऊ नको."

तो थट्टा करत नव्हता.

शनिवारी सकाळी दिंडोरी, वणी, कळवण असे निघालो. थंडी अशी की कळवणला चहाचा ग्लास मी प्यायलो कमी आणि कवटाळला जास्त. वाटेत सप्तशृंगीचे कडे उजळले तेव्हा सुशीलानं माझ्या पाठीवर थाप मारून गाडी थांबवायला लावली. आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला नुसते बघत उभे राहिलो. मुक्काम सटाण्याला, तिच्या मैत्रिणीकडे. तुम्ही जाणार असाल तर पेट्रोल सटाण्यातच भरून घ्या, पुढचा भरवसा धरू नका. भाकरी-ठेचा बांधून घ्या. आम्ही गेलो तेव्हा ताहाराबाद सोडल्यावर खायला काही मिळालं नाही, आणि मुल्हेरच्या पुढं रस्ता कसला, खडीच होती.

रविवारी उजाडता उजाडता पायथ्याशी पोचलो. वस्तीच्या कडेला शेणानं सारवलेली छान सपाट, गोल जागा दिसली. म्हटलं, गाडी लावायला याहून चांगली जागा कुठली! स्टँडवर चढवली, मान वर केली, आणि साल्हेर दिसला. डोंगर म्हणजे किती मोठा असावा याचा माझा अंदाजच चुकला होता. सुशीला तर केव्हाच चालायला लागली होती.

चढ दमवतो, पण कातळात कोरलेल्या पायऱ्या आणि एकामागून एक येणारे दरवाजे माणसाला वर ओढून नेतात. इतक्या उंचावर कुणी हे कोरलं असेल, या विचारानं मी पायरीवर हात ठेवून नुसता थांबायचो. माथ्यावर पाण्याचं मोठं टाकं, वर परशुरामाचं देऊळ. तिथून सालोटा, मांगीतुंगीची जोडशिखरं, पलीकडं डांगचं जंगल, डोंगरांमागं डोंगर. मला वडिलांची फार आठवण आली. त्यांनी हा गड आयुष्यभर खालूनच पाहिला होता.

रुमाल काढायला खिशात हात घातला. चावी नव्हती.

"गाडीलाच राहिली," सुशीला म्हणाली. वर यायला लागला त्याच्या निम्म्या वेळात आम्ही खाली उतरलो. गाडी गेली तर दादाला तोंड कसं दाखवायचं, आणि तो "सांगितलं नव्हतं?" म्हणाला तर काय बोलायचं, एवढंच डोक्यात होतं. कारण मग त्या मुलखाबद्दल तो म्हणाला तेच खरं ठरलं असतं.

गाडी होती. चावी लटकलेली होती. पण ती जागा आता ओळखू येत नव्हती. तिथं मळणी झाली होती, नागलीची, म्हणजे नाचणीची, तांबूस रास पडली होती आणि भोवती राखेची रेघ ओढली होती. मी गाडी खळ्यात लावली होती. अन् त्या रेघेच्या आत, राशीला लागून, दादाची मोटरसायकल उभी होती.

माझे पाय रेघेपाशी थांबले. ते का थांबले हे मला त्यांना विचारावं लागलं नाही.

राशीजवळ बसलेली म्हातारी उठली. "तुमनी गाडी शे ना भाऊ? कोनी हात नही लावा. चावी व्हती, म्हनून रासना संगे राखमा लिधी." राशीबरोबर तिनं गाडीही राखेच्या आत घेतली होती; राखेच्या आत आलेल्या वस्तूला परकं कुणी शिवत नाही, ही तिकडची रीत.

मी तरी उभाच. ती म्हणाली, "मंग बाहेर का उभा शेतस? जोडा काढा, मझार या."

"आजी," मी म्हणालो, "आम्ही बौद्ध आहोत. आमचे आजोबा या भागातले. ते रेघेबाहेर उभे राहायचे."

म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं, सुशीलाकडं पाहिलं. तिला कळलं होतं. तिनं जमिनीकडं नजर वळवली.

"मंग?" ती म्हणाली. "गाडी तुमनी शे ना?"

आम्ही जोडे काढले आणि आत गेलो. सारवलेली जमीन उन्हानं ऊबदार झाली होती. तिनं सूपभर नागली सुशीलाच्या ओटीत घातली, जवळून, हाताला हात लागेल इतक्या जवळून. माझे डोळे भरून आले आणि मी गाडीचा आरसा पुसायचं नाटक केलं.

घरी आल्यावर दादानं आधी गाडीभोवती फेरी मारली. चाकाला राख होती. मी सगळं सांगितलं, चावीचंसुद्धा, अन् शिव्यांची वाट बघत उभा राहिलो.

पुसायचं फडकं त्याच्या हातात तसंच राहिलं.

"आत बोलावलं तुला?" त्यानं विचारलं.

"हो."

"जोडे काढून?"

"सगळ्यांना काढावे लागतात, दादा."

त्यानं चाकाकडं पाहिलं. मग फडकं झटकून खांद्यावर टाकलं आणि सुशीलाला म्हणाला, "त्या नागलीची भाकरी कर. आज मी पण तीच खाईन."