खाकी कागदावरची काख

ताईंनी बेतलेला मुंढा कधी काचत नाही, अशी त्यांची ख्याती होती. बाही खांद्याला जोडतात तो गोल काप म्हणजे मुंढा; भलेभले कारागीर तिथे गडबडतात. ताई गडबडत नसत, कारण शाळेत असल्यापासून त्यांचं निम्मं लक्ष स्वतःच्या काखेतच असे. पंख्याखाली बसूनही काखा चिंब! त्यामुळे कपडे कायम काळे, आत स्वतः शिवलेल्या कापडी घड्या आणि कोपरं अंगाला घट्ट चिकटलेली.

"दोन्हीकडे थर्मामीटर लावल्यासारखी चालतेस तू," त्यांचा चष्मे बनवणारा नवरा म्हणे.

शिवणशाळेने शिकवायला दोनदा बोलावलं, दोनदा ताईंनी नाही म्हटलं. हात उंच करून फळ्यावर मुंढा काढायचा, तोही पंचवीस मुलींसमोर! तिसऱ्यांदा बोलावणं आलं तेव्हा मात्र त्या आधी रडल्या, मग नाक पुसून सर्जनबाईंकडे गेल्या. मलमं लावून झाली होती, काखेत घाम रोखणाऱ्या सुयाही दोनदा घेतल्या होत्या. त्यांचा गुण सहा-सात महिन्यांत ओसरला होता.

सर्जनबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "छातीत दुर्बीण घालून घामाची नस बंद करता येते. पण मग घाम पाठीवर, पोटावर फुटू शकतो आणि ते सहसा मागे फिरवता येत नाही. नुसत्या काखेसाठी मी त्या वाटेला जाणार नाही. दुसरं, ग्रंथींसकट कातडीचा तुकडाच काढायचा. व्रण मोठा, हात आखडू शकतो. तिसरं, बारीक छिद्रातून ग्रंथी खरवडून ओढून घ्यायच्या. घाम पुष्कळ कमी होतो, पण पूर्ण थांबेल असं वचन देत नाही."

"तिसरं," ताई लगेच म्हणाल्या. "मुंढ्यातला तुकडा उडवला की हात वर जात नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे."

"मग पुढच्या वेळी घाम कुठपर्यंत येतो ते आखून घेऊ."

आखायचं म्हटल्यावर ताईंना कुठला दम निघतोय? काळ्या कपड्यांवर घामातल्या मिठाची पांढुरकी कड उमटते. त्यांनी जुने सगळे कुर्ते काढले, एकेक कड खाकी कागदावर गिरवली, कापली आणि वर लिहिलं: डावी, उजवी.

"अगं, त्या ऑपरेशन करणार आहेत, झंपर नाही शिवणार!" नवरा म्हणाला.

"अहो, माप चुकलं की उसवावंच लागतं."

दवाखान्यात सर्जनबाईंनी काखेला आयोडीन लावलं, ते वाळल्यावर वर पिठूळ स्टार्च भुरभुरला. घाम होता तिथे गडद निळा डाग उठला. ताईंनी पिशवीतून कागद काढले. बाई आधी खळखळून हसल्या, मग कागद लावून पाहिले. उजवी तंतोतंत. डावी मात्र पाठीकडे दोन बोटं जास्त.

"इथे तर निळं नाही, ताई."

"तुमच्या खोलीत गारठा आहे. उकाड्यात तिथपर्यंत जातो."

बाईंनी एसी बंद करायला लावला. पंधरा मिनिटांनी निळा रंग हळूहळू सरकत थेट कागदाच्या कडेला येऊन टेकला.

"हा कागद मला द्या," बाई म्हणाल्या आणि पेनाने तीच रेघ कातडीवर ओढली.

ऑपरेशननंतर दोन आठवडे हात वर करायचा नव्हता. नवरा वेणी घालायचा आणि ताई आरशात बघायचं टाळायच्या.

शिवणशाळेतल्या पहिल्या तासाला त्यांनी आभाळी रंगाचा कुर्ता घातला, नवा, घड्यांशिवाय. नवरा मागच्या बाकावर बसला. ठरलं होतं : डाग दिसला की त्याने खोकायचं.

ताईंनी हात उंच केला, खडू टेकवला आणि गोलाई वर न्यायला सुरुवात केली.

मागून खोकला आला.

हात जागच्या जागी थिजला. ताईंनी डोळ्याच्या कोपऱ्यातून खाली पाहिलं. आभाळी रंग, कोरडा. मागे खिडकीत एक मुलगी डस्टर आपटत होती आणि नवरा ती खडूची धूळ हाताने उडवत डोळे पुसत होता.

"अहो, पाणी प्या आधी!" ताई हात तसाच वर ठेवून ओरडल्या. वर्ग खो-खो हसला, ताईही हसल्या आणि हसता हसता ती गोलाई त्यांनी पार फळ्याच्या वरच्या काठापर्यंत नेली.