स्टोची पिन

चुडाव्याच्या अंगणवाडीत पाण्याचा फिल्टर आला ते साल चौऱ्याऐंशीचं. आत खडूसारखी पांढरी कँडल. तिच्यातून झिरपलेलं पाणी निर्मळ व्हायचं. पावसाळ्यात मात्र कँडलवर बुळबुळीत थर चढला आणि नळाची धार आटून थेंबावर आली. सेविका कस्तुराबाईनं स्टो तुंबल्यावर करतात तेच केलं. पिन घेतली आणि कँडलला जागोजागी आरपार टोचली. पाणी धो-धो आलं. ती खूश झाली आणि पोरांना पेले भरून दिले.

दुपारी गावात आलेल्या नर्सबाईंनी पेला उजेडात धरला, मग झाकण काढून कँडल पाहिली. “हे तर विहिरीसारखंच गढूळ. अहो, तो थर म्हणजे जंतूंची वस्ती. तुम्ही पाडलेल्या भोकांतून ते सरळ पोरांच्या पोटात गेले.”

कस्तुराबाईला स्वतःचाच लय संताप आला. तिनं नवी कँडल आणवली. पिन फिल्टरशेजारी खिळ्याला अडकवली, रोज डोळ्यांपुढं राहावी म्हणून. मग रोज सकाळी नारळाच्या शेंडीनं ती कँडल हलक्या हातानं घासू लागली.

“जंतूच ते, उद्या पुन्हा येतील,” नवरा आप्पाराव म्हणाला. “कशाला घासायलीस?”

“येऊ द्या की. काल जेवलात म्हणून आज भाकर नको म्हनता का तुमी?”