चिऊच्या तोंडातला पेढा

दुपारपासून हे लिहायचं टाळतोय, कारण चूक माझीच आहे.

आमच्या तीन वर्षांच्या चिऊला गिळता येत नाही. दूध पोटाला लावलेल्या नळीतून जातं. तोंडात काही गेलं तर थेट श्वासनळीत अडकतं. आज बायको तिची औषधं आणायला शिरूरला निघाली. म्हणाली, "आज तरी भटकू नका, पोरीपाशीच बसा."

बसलो होतो की! पण गल्लीत कुणाचा तरी नवा ट्रॅक्टर आला आन् मी दोन मिनिटं बघायला गेलो. काय टायर होते! असो.

परत आलो तर शेजारचे आप्पा चिऊपाशी, हातात नातवाच्या नोकरीचे पेढे. चिऊचे ओठ निळे पडत होते.

"कणभरच दिला रं! लेकराला सोडून आपलंच तोंड कसं गोड करायचं?"

घशातलं ओढून काढायचं मशीन मी एकट्यानं कधीच लावलं नव्हतं. आज लावलं. पेढा निघाला आन् पोरगी रडली. आप्पा खाली मान घालून गेले. बायकोला सगळं सांगितलंय.

मायेनं आलेल्या माणसाला तुम्ही कसं अडवता?

थांबा, दारात आप्पाच आलेत, चष्मा लावून. म्हणतायत, "ते मशीन मला बी शिकव. तू काय घरात टिकायचा न्हाईस."